मला दोनच वाक्यं येतात

‘थँक यू’ आणि ‘प्लीज ट्राय अगेन’. झाली माझी सगळी विद्या! अंगठा जुळला तर पहिलं वाक्य, नाही जुळला तर दुसरं. पण आज तुमच्याशी मन मोकळं करायचंय, म्हणून ही उसनी मराठी. चार वर्षं दारापाशी टांगून घेतलं आणि कान उघडे ठेवले की भाषा येतेच हो.

मी हजेरीचं मशीन. नाशिकला गंगापूर रोडवर एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर माझा मुक्काम. कंपनी जाहिराती बनवणारी. जाहिराती म्हणजे रंगवलेल्या पाट्या नव्हेत बरं का! मोबाइलवर तुम्ही अंगठ्याने भराभर वर ढकलता ना, त्या. म्हणजे धंदा त्यांचाही अंगठ्यावर आणि माझाही.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. खोक्यातून निघालो तो थेट मनीषा मॅडमच्या हातात. रजा, हजेरी, चहाची साखर, सगळा कारभार त्यांच्याकडे. त्यांनी मला भिंतीवर बसवलं, नारळ फोडला आणि कुंकवाचं बोट लावलं ते नेमकं माझ्या काचेवर. पहिल्या दिवशी मी कुणालाच ओळखेना! मालक शेखर सर स्वतः चार वेळा अंगठा दाबून परतले. शेवटी मॅडमनी ओढणीने मला पुसलं, तेव्हा कुठे संसार सुरू झाला.

माणसं मोठी गोड. डिझायनर राज रोज नऊ एकोणतीसला जिना चढत यायचा आणि हेल्मेटसकट माझ्यावर आदळायचा. क्लायंट म्हणायचा, “बस, एक शेवटचा बदल.” मग राजच्या फायलीचं नाव व्हायचं ‘फायनल’, मग ‘फायनल दोन’, मग ‘आता खरंच फायनल’ आणि शेवटी ‘देवाशप्पथ फायनल’. शनिवारी सगळे मिसळ खाऊन यायचे आणि तर्रीचे लाल अंगठे माझ्या तोंडाला पुसायचे. मी चिडायचो नाही. घरातलं माणूस मानल्याशिवाय कोण असं वागतं?

गेल्या जूनमध्ये हर्षाली आली. जाहिरातींची मराठी लिहायला. सहा महिने काम बघायचं आणि डिसेंबरात कायम करायचं की नाही ते ठरवायचं, असा करार. पोरगी लिहायची झकास! तिची ओळ वाचून मॅडम एकट्याच हसत बसायच्या. तिचा अंगठाही कसा, लावला की लगेच ‘थँक यू’.

गणपती बसले आणि आमचं बिनसलं.

ती नऊ वीसला हजर व्हायची. अंगठा लावायची. मला काही दिसायचं नाही. रेघाच नाहीत, नुसता काळपट थर. ‘प्लीज ट्राय अगेन.’ ती कुर्त्याला अंगठा पुसायची, फुंकर मारायची, बेसिनवर जाऊन घासून यायची, पुन्हा लावायची. ‘प्लीज ट्राय अगेन.’ सातव्या-आठव्या खेपेला जुळायचा, तोवर नऊ चौतीस. साडेनऊनंतर माझ्याकडे लाल खूण पडते. ती खूण मी रोज पाडत होतो.

एकदा राजने विचारलं, “बोटांना काय लावलंस गं?” ती म्हणाली, “केसांना मेंदी लावली होती, तिचा डाग.” आणि हात ओढणीत लपवला.

खरं मला ठाऊक होतं. ती माझ्याशेजारी, दारात उभी राहून फोनवर आईशी बोलायची. एरवी ऑफिसात शुद्ध बोलणारी ही, आईशी बोलताना अगदी घरच्या बोलीवर यायची. “आई, कोणाला सांगू नको. नोकरीला घेताना त्यांनी विचारलं व्हतं, घरचं काय काम मागं हे का? मी नाय म्हणले. डिसेंबरात कायम करू दे, मग बघू.”

तिचं घर शहराबाहेर, गिरणारे गावाकडे, मळ्यात. वडिलांच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं, मजूर मिळेना आणि टोमॅटो काही कुणासाठी थांबत नाही. म्हणून पहाटे पाचपासून ही आणि तिची आई कुसाबाई दोघीच टोमॅटो खुडायच्या, जाळ्या म्हणजे प्लास्टिकचे क्रेट भरायच्या. मग आंघोळ, स्कूटर आणि ऑफिस. टोमॅटोच्या झाडाचा चीक हाताला बसतो आणि काळा पडतो. साबणाने जात नाही. कच्चा टोमॅटो चोळत बसलं तर निघतो म्हणे, पण बसायला वेळ कुठला?

नोव्हेंबरच्या शेवटी मॅडमनी कागद काढला. “हर्षाली, तुझं लिखाण सगळ्यांना आवडतं गं. पण या एका महिन्यात सतरा लाल खुणा! सरांना मी काय सांगू? असंच चाललं तर कायम करणं कठीण आहे. आणि मशीन काही खोटं बोलत नाही.”

“सॉरी मॅडम. उद्यापासून लवकर निघते,” एवढंच ती म्हणाली.

अहो, लवकर म्हणजे किती लवकर? मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. मी खोटं बोललो नव्हतो, कबूल. पण ही पोरगी नऊ वीसला माझ्यासमोर उभी होती, हे तरी मी कुठे सांगितलं? तिची नोकरी जाणार होती आणि कारण मी होतो.

त्याच आठवड्यात टोमॅटोची चटणी विकणाऱ्या एका काकांच्या जाहिरातीचं काम चाललं होतं. त्यांना हवा होता टोमॅटो खुडणारा हात, अगदी खरा वाटणारा. राजने कॉम्प्युटरला हुकूम सोडून एक हात बनवला. गोरापान, गुलाबी नखांचा. काकांनी तो तिसऱ्यांदा परत पाठवला. माझ्यासमोरच्या मोठ्या टीव्हीवर चित्र लागलं होतं, सगळे भोवती जमले होते आणि फोनवर काका तापले होते. “अहो शेखरभाऊ, ही बाई टोमॅटो खुडायला आलीय का मेंदी काढायला?”

फोन ठेवल्यावर राज रडकुंडीला आला. “सर, बोटं मोजली मी. पाचच आहेत! आता आणखी काय चुकलं?”

सगळे त्या गुलाबी नखांकडे टक लावून बघत होते. हर्षाली मात्र खाली बघत होती. मग ती उठली.

“सर, चूक बोटांची नाही, रंगाची आहे,” ती म्हणाली आणि तिने ओढणीतून हात बाहेर काढला. “टोमॅटो खुडल्यावर हात असे होतात. मी रोज खुडते. पहाटे पाच ते आठ. नोकरीला लागताना मी खोटं सांगितलं. बाबांना उठवत नाही आणि आई एकटी पडते. आता काय ते तुम्ही ठरवा.”

मनीषा मॅडमनी तिचा हात हातात घेतला, अंगठा उलटसुलट पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“म्हणून का गं रोज उशीर? किती वेळा लावायचीस?”

“सात-आठ वेळा.”

“आणि गप्प बसायचीस? अगं, बोलायचंस ना एकदा!”

“तुम्ही म्हणालात ना, मशीन खोटं बोलत नाही.”

मॅडमचे डोळे भरले. माझे असते तर माझेही भरले असते.

शेखर सर म्हणाले, “घरच्या कामाचा तो प्रश्न मीच विचारला होता. चुकलंच माझं. मी येवल्याचा. कांदे भरून कॉलेजला जायचो आणि वास येऊ नये म्हणून अत्तर फासायचो. काय उपयोग? सगळ्यांना दोन्हींचा वास यायचा!” आधी राज हसला, मग सगळेच हसले आणि हर्षाली हसता हसता रडायला लागली.

मॅडमनी त्याच दिवशी तिच्या सगळ्या लाल खुणांवर काट मारली आणि माझ्यात तिची डाव्या हाताची करंगळी नोंदवून घेतली. करंगळीला चीक कमी लागतो. दुसऱ्या दिवशी नऊ वीसला तिने ती लावली आणि मी असा काही ‘थँक यू’ म्हणालो की राज आतून ओरडला, “आज मशीनचा मूड काय आहे!”

जाहिरातीसाठी फोटो त्यांच्या मळ्यात काढला, कुसाबाईंच्या हाताचा. चटणीवाले काका म्हणाले, “आता कसं!” पहिल्या खेपेला फायनल. राज दिवसभर सगळ्यांना फाईलचं नाव दाखवत फिरला, नुसतं ‘फायनल’.

डिसेंबरात हर्षालीला कायम केल्याचं पत्र मिळालं, त्या दिवशी सरांनी तिच्या आईला बोलावलं. कुसाबाई जाळीभर टोमॅटो घेऊन आल्या. टीव्हीवर आपला हात पाहून म्हणाल्या, “अगं बया! एवढा मोठा! नखं तरी काढू द्यायची व्हती.” लेकीने पत्रावर सही केली, ती त्या अगदी वाकून बघत राहिल्या.

सहा वाजता सगळे निघाले. एकेक जण मला अंगठा देत होता, हर्षालीने करंगळी दिली. कुसाबाई दारातच थबकल्या.

“सही करायला यावी म्हणून एवढी शिकवली,” त्या म्हणाल्या, “आन् तुम्ही बी समदे अंगठाच देता का गं?”

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. कुसाबाईही हसल्या. मग पुढे आल्या. “आयुष्यभर शाईत बुडवून दिला. बघू, बिनशाईचा घेतंय का.” त्यांनी पदराला अंगठा पुसला आणि माझ्या काचेवर हळूच टेकवला.

मी जिवाचं रान केलं हो! पण त्यांची नोंदच नव्हती माझ्यात. नको नको म्हणत असताना तोंडातून निघालंच, ‘प्लीज ट्राय अगेन’. माझ्या आवाजाचा इतका राग मला कधी आला नव्हता.

“काय म्हणलं गं ते?” कुसाबाईंनी विचारलं.

राज काहीतरी सांगायला गेला. त्याच्या आधी हर्षाली म्हणाली, “म्हणतंय, परत या.”

“येईन की,” कुसाबाई म्हणाल्या आणि मला दोनदा थोपटून जिना उतरल्या.

आता दाराशी चेहरा ओळखणारं नवं मशीन आलंय. मी मनीषा मॅडमच्या ड्रॉवरमध्ये आहे, जुन्या चार्जरांच्या सोबतीला. भंगारात द्यायला त्यांचं मन होत नाही. माझं मागणं एवढंच, की एखाद्याचा अंगठा मशीनला कळला नाही तर त्याचा हात तुम्ही बघा. बरं, निघतो. निरोप द्यायला माझ्यापाशी एकच वाक्य आहे, ते हर्षालीने लावलेल्या अर्थाने घ्या. प्लीज ट्राय अगेन.