डीजेच्या नावाने शोधलेला धवला

अर्ज तिसऱ्यांदा परत आला तेव्हा जागृती कंटेनर यार्डच्या ऑफिसात डबा खात होती. सलिलने इन्स्टाच्या कंपनीच्या उत्तराचा फोटो पाठवला होता : व्यवसायाचे नाव व वापराचे कारण स्पष्ट करा. खाली त्याने विचारलं होतं, ‘तुझ्या आत्याचा व्यवसाय काय लिहू?’

तिने फोनच लावला. “धवलारीण लिही.”

“मी तेच लिहिलं होतं. त्यांच्या यादीत तो व्यवसाय नाही.”

“मग यादीत असेल ते लिही ना. इंजिनीयर तू की मी?”

गोदूआत्या उरणजवळच्या धाकट्या खारची धवलारीण. आगरी लग्नातले विधी तिच्या गाण्यांनी लागतात. त्या गाण्यांना धवले म्हणतात. गेल्या वर्षी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता ती कुजबुजते, तेही कान जवळ नेला तरच ऐकू येतं. माघात गावातल्या दिपेशचं लग्न होतं आणि आत्याची सून हेमाली पहिल्यांदाच एकटीने मांडव सांभाळणार होती. तिला एक सोडून सगळे धवले येत होते. राहिलेला धवला देवांचा. त्यात गावचे, बांधावरचे, खाडीतले देव एकेक करून मांडवात बोलवायचे असतात. हेमालीला पाच देव येत होते आणि शेवटचा ‘बसा मांडवात’ येत होता. मधलं काही नाही.

“नेमकी तवाच माना हलदीची ताटं आनाया उठवायची,” हेमाली म्हणायची. “परत येईपरत देव बसलेले. आता एखादा देव सुटला तं म्हाताऱ्या मांडवातच माजी हलद काढतील.”

आत्याकडून शिकून घ्यायचा प्रयत्न झाला होता. नुसते शब्द सांगायला गेली की आत्या पाचव्या देवापाशी अडायची. हेमालीने चाल धरून दिली तरी पाचव्यानंतर तिचे ओठ थेट ‘बसा मांडवात’वर जायचे. मग ती स्वतःच्याच तोंडावर चापट मारून घ्यायची आणि आवाजाला शिव्या द्यायची.

जागृतीने गावातल्या ग्रुपांवर या धवल्याचे जुने व्हिडिओ मागितले. सगळ्यांचं उत्तर एकच : टाकलाय ना इन्स्टावर, बघ. कुठे, कुणाच्या खात्यावर, कोणत्या साली, ते कुणालाच आठवत नव्हतं. मूळ व्हिडिओ फोन भरला म्हणून केव्हाच पुसलेले. तेव्हा तिने सलिलला गाठलं. तो तिच्या कॉलेजातला, अलिबागच्या बागायतदारांच्या घरातला. मोठ्या दुकानांसाठी ग्राहकांच्या पोस्टी गोळा करणारी साधनं बसवणं हे त्याचं रोजचं काम. साधन क्लाउडवर चालतं. आपण शब्द द्यायचे, ते दिवसरात्र पोस्टी शोधून एका जागी साठवतं. “दोन संध्याकाळचं काम आहे,” तो म्हणाला होता.

त्याला तीन आठवडे झाले होते. आधी क्लाउडचं भाडं भरायला जागृतीचं कार्ड चालेना. कार्ड चाललं तर सर्व्हर परदेशातला निघाला आणि कंपनीने तिथून आलेली मागणी संशयास्पद ठरवली. चौथ्या अर्जात सलिलने ‘लोककला संशोधन’ लिहिलं, मंजुरी मिळाली, आणि त्याच रात्री इन्स्टात शिरायला आधी मिळालेल्या तात्पुरत्या सांकेतिक चावीची मुदत संपली. नवी चावी घेतली. ‘हळद’, ‘धवला’ आणि गावाचं नाव हे शब्द दिले.

सकाळी साधनाने हळद पावडरीच्या जाहिराती आणल्या होत्या. शिवाय धाकटी खार क्रिकेट चषक, आणि भावी सरपंचांना वाढदिवसाच्या शुभेच्छा.

“आत्याचं नाव टाकून बघितलंस?” जागृतीने फोनवर विचारलं.

“बघितलं. काही नाही. धवलारणीला कुणी टॅग करत नाही, जागृती.”

“मग टॅग करतात कुणाला?”

विचारता विचारताच तिला उत्तर कळलं. मांडवातून निघालेल्या प्रत्येक व्हिडिओखाली एकच नाव असायचं : डीजे निकेश.

ते नाव दिल्यावर साधन भरून वाहू लागलं. शेकड्यांनी हळदी आल्या. बऱ्याच व्हिडिओंत आत्या होती, पाटावर बसलेली, तोंड उघडलेली. पण टाकणाऱ्याने वरून डीजेचं गाणं चढवलेलं. आत्याच्या तोंडातून बँजो वाजत होता. जागृतीने लॅपटॉप आपटून बंद केला. सलिलने चिकाटीने गाळणी लावली आणि मूळ आवाज असलेले मूठभर व्हिडिओ वेगळे काढले.

रविवारी तो रेवसहून लाँचने करंज्याला उतरला. जागृती त्याला गाडीवरून आत्याकडे घेऊन गेली. चौघं लॅपटॉपसमोर बसले. पहिल्या व्हिडिओत आत्याचा खणखणीत आवाज घुमला. हेमालीने पदर तोंडाला लावला. एक देव, दोन, तीन, चार, पाच. आणि लगेच, ‘बसा मांडवात’.

आत्याने सलिलचं मनगट धरलं. कुजबुज जागृतीने मोठ्याने सांगितली : “ती म्हणते, माजे देव कोनी कापले?”

“मी काही कापलं नाही, आत्या.”

“ती म्हणते, तुज्या मशीननी खाल्ले.”

सलिलने व्हिडिओ मागे नेला. आत्याच्या पाठीमागे एक मामा फेटा बांधून घेत होता. पाचव्या देवापासून ‘बसा’पर्यंत फेट्याचे वेढे एकामागून एक पडत होते. एकही तुटला नव्हता. “बघा. कापलं असतं तर फेटा उडी मारून पुढे गेला असता.”

दुसऱ्या व्हिडिओतही पाचच. त्यात मागून कुणीतरी ओरडत होतं, “आत्या, आवर गो, दहाला डीजे बंद करायचाय!” सलिलने सगळे तारखेप्रमाणे लावले. सर्वांत जुन्यात सात देव होते, नंतर सहा, मग पाच. त्यापुढे सगळीकडे पाच.

“आय,” हेमाली हळू म्हणाली, “म्हंजे मी ताटं आनाया उठले म्हनून न्हाय सुटले. तू गायलीच न्हाईस.”

आत्या काहीतरी म्हणाली. जागृतीने ते मोठ्याने सांगितलं नाही. सलिलने विचारल्यावर म्हणाली, “सगळे आवर आवर करायचे, म्हणते. एकेक देव कवा गेला, तिला कळलं नाय.”

“जुन्यात दोन जास्तीचे मिळाले की,” सलिल म्हणाला. “सात झाले.”

“बाकीचे?”

“त्यांच्या वेळी फोनच नसतील. जे कुणी टाकलंच नाही, ते साधन कुठून आणणार?”

जागृती चिडली ती कुणावर, हे तिला सांगता आलं नसतं. हेमालीचा जीव मात्र हलका झाला होता. “मग माना कोन थांबवनार? पाचावर कोनी बोललं न्हाय, सातावर काय बोलतील?”

दिपेशच्या मांडवात हळदीच्या संध्याकाळी हेमाली पाटावर बसली. आत्या तिच्या मागे. पाच देव आले, सहावा आला, सातवा आला. मग ‘बसा मांडवात’ यायला हवं होतं. हेमाली त्याआधीच थांबली. तिने मागे आत्याकडे पाहिलं. आत्याची मान खाली होती. हेमाली समोर बसलेल्या म्हाताऱ्यांकडे वळली.

“माना एवढेच येतात. पुढचा कोन?”

म्हाताऱ्या आपसांत कुजबुजू लागल्या. निकेशला वाटलं आटपलं. त्याने गाणं सोडलं. पोरं उठून नाचायला लागली.

“ए निकश्या! बंद कर ते!” म्हाताऱ्यांतली नामाची आय पाट धरून उठली. “अजून देव यायचे हायत.”

“आजे, दहाला बंदच करायचाय माना.”

“मंग आताच कर.”

गाणं थांबलं. नामाची आय म्हणाली, पुढचा बांधावरला म्हसोबा. शेजारची म्हणाली, न्हाय, आधी खाडीतल्या साती आसरा, म्हसोबा मागनं. तिसरी म्हणाली, दोगी येड्या हायत, चेडोबा कुटं गेला? आवाज चढले. नवरदेवाचा मामा घड्याळ दाखवू लागला. जागृती फोन धरून उभी होती आणि भांडणात एकही नाव धड ऐकू येत नव्हतं.

“एकेक बोला गो,” हेमाली ओरडली. “आदी कोन, ते ठरवा. मी बसलेय.”