झडतीत राहिलेलं नाव

धनसिंगने बैलाच्या शिंगांना बेगड चिकटवला आणि हात धोतराला पुसले. जोडीतल्या दुसऱ्या बैलासाठी बेगड उरला नव्हता. गेल्या हंगामाचं सोयाबीन मातीमोल गेलं होतं. त्याच्या शिंगांना नुसता गेरू.

"बाबा, आज माणिकरावले सोडू नका," सून रेणू म्हणाली.

धनसिंगने गेरूचं भांडं उचलून बाजूला ठेवलं.

गेल्या वर्षी दिल्लीचे पाहुणे आले, तेव्हा सभेसाठी कारंज्याच्या दवाखान्याकडचा रस्ता अडवला होता. त्याची बायको सुंदरबाई छाती धरून जीपमध्ये पडली होती. धनसिंग पोलिसांच्या पाया पडत होता. मंचावर इथला पुढारी माणिकराव देशाच्या इभ्रतीवर बोलत होता. रेणूने पदर हलवून त्याला हाका मारल्या. त्याने जीपकडे पाहिलं, मतदारांना करतात तसा हात केला आणि पुढे बोलत राहिला. सुंदरबाई तिथेच गेली. तेरवीला तो आला तो दुसऱ्याच पक्षाचा गमछा घालून.

पोळ्याला तोरणाखाली झडती, म्हणजे टोमण्यांची कडवी, म्हणायचा मान धनसिंगचा. गावातल्या एकेका वजनदार माणसाला त्यात नाव घेऊन टोमणा बसायचा आणि ज्याला बसला त्याने हसून घ्यायचा. मेलेल्याचं नाव तेवढं घ्यायचं नाही, असा रिवाज. वर्षभर वखरामागे चालताना धनसिंगने माणिकरावसाठी एक कडवं रचलं होतं. जीप, तो हात, तो गमछा, सगळं त्यात होतं.

संध्याकाळी तोरणाखाली बैल जमले. माणिकरावचा माणूस रामधन मोबाईल घेऊन जवळ आला.

"धनसिंगकाका, साहेबांले खुशाल झोडपा. शुटिंग करून राह्यलो."

"त्याले चालते?"

"चालते काय, त्याइनंच सांगतलं! काका जितके कडू बोलतीन तितकं चांगलं. नेता टीका सहन करते, हे लोकांले लय भावते."

धनसिंगने कासरा मुठीभोवती आणखी एक वेढा गुंडाळला. मग पुढे होऊन आवाज लावला.

"तेलाचा पिपा चढला माडी,
सोयाबीनची फसली गाडी,
दिल्लीत म्हणे देश धावला,
आमचा तांडा उसाले गेला!"

बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांवर लोकांचं हसू उठलं. मग माणिकरावने निवडून आणलेल्या सरपंच रतनसिंगचं नाव आलं. त्याच्या कोरड्या नळाला लोकांनी शिट्ट्या मारल्या. पुढच्या कडव्यात दुकानदार मोहनसिंग आला, त्याच्या तराजूसकट. माणिकराव मधोमध उभा होता, हसू आधीच चेहऱ्यावर घेऊन. रामधनने मोबाईल त्याच्याकडे वळवला.

धनसिंग थांबला. मग झडती संपवायची आरोळी ठोकली.

"हर बोला, हर हर महादेव!"

लोकांकडून जयघोष उशिरा आला, अर्धाच. म्हाताऱ्या गोमतीबाईने मयताच्या घरी ओढतात तसा पदर डोक्यावरून पुढे ओढला.

माणिकराव अजून हसत होता.

"काका, माहं नाव राह्यलं ना!"

धनसिंग बैलाच्या कपाळावरचं बाशिंग सरळ करत होता. तो रतनसिंगकडे वळला.

"सरपंच, कोनी बोललं का?"

रतनसिंगने माणिकरावकडे पाहिलं. मग बैलांकडे पाहिलं. गाव त्याच्याकडे पाहत होतं.

"नाही बा," तो म्हणाला. "मले तं कोनी आयकू नाही आलं."