व्यक्तिगत संवाद

डोळ्याच्या ऑपरेशननंतर ताईला पालथं झोपून राहायला सांगितलं होतं. डोळ्याचा मागचा पडदा सुटला होता. तो जागेवर बसावा म्हणून डॉक्टरांनी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता. बुडबुडा हलका, तो वर जाणार. त्यानं मागचा पडदा दाबून धरायचा तर तोंड खालीच हवं. धाकट्या बहिणीनं तिला मध्ये भोक असलेली उशी शिवून दिली होती. ताई उशी पलंगाच्या कडेबाहेर काढून त्या भोकातून फरशीकडे बघत पडून असायची आणि खालूनच बोलायची.

ताईनं जन्मभर गोड्या पाण्यातल्या माशांच्या झोपेचा अभ्यास केला होता. तिचा शेवटचा मोठा शोधनिबंध एका मासिकानं परत पाठवला होता. दुसऱ्यानं विचार करू म्हटलं, पण आधी संदर्भसूची आमच्या पद्धतीनं करून पाठवा, आणि महिनाअखेरीच्या आत. मुदत एकदा वाढवून झाली होती, पुन्हा मागायला ताईची जीभ रेटेना. धाकटीचं कपडे मापाचे करून देण्याचं दुकान होतं. ती दुपारी दुकान बंद करून यायची, ताईच्या पलंगाशी लॅपटॉप घेऊन बसायची.

"आडनाव आधी, मग आद्याक्षरं," ती वाचायची. "टिंब द्यायचं?"

"नको. या लोकांना टिंबांचं वावडं आहे."

"आधीच्यांना तर अक्षरागणिक हवं होतं."

"म्हणून तर तुला बसवलंय, चिमे. उसव आणि पुन्हा शिव."

"वर्ष कंसात की शेवटी?"

"शेवटी. आणि मासिकाचं नाव तिरपं कर."

पडदे ओढलेले असायचे. पंखा संथ फिरायचा. एकेक नाव खोलीत आल्यासारखं यायचं, आणि ताई झोपेच्या काठावरून त्याच्याबद्दल काहीतरी सांगायची. हा माणूस आयुष्यभर तलावांवर लिहीत राहिला, पण याला पोहता येत नव्हतं. ही बाई फार हळू बोलायची, तिचं भाषण संपलं तरी लोकांना वाटायचं, अजून सुरू व्हायचंय.

"आणि हे 'आणि इतर' कोण गं? जिथं तिथं आहेत."

"बिचारे. बहुतेक वेळा काम त्यांनीच केलेलं असतं."

बुडबुड्याच्या डोळ्यातून ताईला फरशी डुलताना दिसायची. मध्येच तिचा डोळा लागायचा. मग वाटायचं, ती नावं त्या पाण्यातून जातायत, आडनाव पुढे, आद्याक्षरं शेपटीसारखी मागे. धाकटी थांबली की ती जागी व्हायची आणि विचारायची, "कुठवर आलो?"

असं करत करत यादी संपत आली तेव्हा धाकटी अडखळली. "इथं निबंधात लिहिलंय, 'कळप झोपलेला असताना काठावरचा एक मासा जागा असतो.' पुढे कंसात एक नाव आणि 'व्यक्तिगत संवाद.' ताई, हे नाव तर उंटदादाचं."



उंट म्हणजे ताईचा प्रयोगशाळेतला जुना जोडीदार. उंच, पाठीत वाकलेला, कुणी विचारलं तर दोनदा जेवणारा. एके काळी तो या घरचाच झाला होता. मग दोघांनी मिळून एक निबंध लिहिला आणि त्यावर आधी नाव कुणाचं, यावरून दोघांचं फाटलं. छापून आलं ते उंटाचं आधी. ताईनं त्याचं नाव घेणं टाकलं ते टाकलंच.

"मासिकाच्या सूचनांत लिहिलंय," धाकटी म्हणाली, "व्यक्तिगत संवाद, म्हणजे छापलेलं नसून कुणी तोंडी सांगितलेलं असेल, तर त्या माणसाची लेखी संमती हवी."

"मग वाक्य काढून टाक."

"खोटं आहे का ते?"

"खोटं कशाला असेल? त्यानंच पाहिलं, त्यानंच मला सांगितलं. त्याचं श्रेय मी खाणार नाही."

"मग मी जाते त्याच्याकडे."

"जा. मला विचारू नकोस," ताई म्हणाली. तिला थांबवायचं असतं तर ती 'जा' म्हणाली नसती, हे धाकटीला लहानपणापासून ठाऊक होतं.

उंट आता शहराच्या मत्स्यालयाची देखरेख करायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी तिथं पोचली तेव्हा आत कुणी नव्हतं. दोन्ही बाजूंना काचा, त्यांच्यामागे निळसर उजेड, पंपाची गुरगुर. उंट एका काचेला आतून ब्रश मारत होता. तिला बघून त्यानं बाही खाली केली.

"मासोळी बरी आहे ना?" त्यानं आधी तेच विचारलं. ताईला तो याच नावानं हाक मारायचा.

धाकटीनं सगळं सांगितलं आणि कागद पुढे केला. त्यानं चष्मा लावून ते वाक्य वाचलं, मग परत वाचलं.

"यावर मी सही करू शकत नाही."

"दादा, अजून राग धरून बसलात?"

"राग कसला गं. हे मी म्हटलेलंच नाही. हे तिनं पाहिलं. आम्ही तळ्याकाठी बसलो होतो, ऊन डोक्यावर आलं होतं, माझा डोळा लागला. तिनं मला हलवून उठवलं आणि हे सांगितलं. मी माझ्या व्याख्यानांत आजवर तिच्याच नावानं सांगत आलोय."

धाकटीनं घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. ताई उशीत तोंड घालून हसायला लागली.

"अगं, झोपले होते मी. त्यानं मला उठवलं. झाडाखाली, माझ्या गालावर गवताचे वळ उमटले होते."

"तुम्ही दोघंही झोपला होता तर मासा पाहिला कुणी?"

 ताई फरशीकडे बघत आठवू लागली. त्या दुपारचं पाणी तिला लख्ख दिसत होतं, आवाजही ऐकू येत होता. पण तो आवाज कुणाचा, ते काही केल्या कळेना.

दुसऱ्या दिवशी उंट स्वतःच आला. दारात घुटमळला, मग आत येऊन पलंगाशेजारी उभा राहिला. ताईला फक्त त्याचे मोजे दिसले.

"कोण आलंय?" तिनं विचारलं.

"मी. कसं वाटतंय तुम्हाला?"

"तुम्हाला?" खालून आवाज आला.

उंट हळूहळू वाकला, गुडघे कुरकुरले, आणि तो फरशीवर उताणा आडवा होऊन डोकं पलंगाच्या कडेखाली सरकवू लागला, तिच्या तोंडासमोर यावं म्हणून. दोघं एकमेकांना असे पाहत राहिले, ती वरून, तो खालून.

"म्हातारा झालास," ताई म्हणाली.

"दिसतोय का मी नीट?"

"माझ्या डोळ्यात बुडबुडा आहे. सगळंच हलतं. मासा तू पाहिलास."

"तू पाहिलास."

"सही कर मुकाट्यानं."

"नाही करणार. तुझं आहे ते."

धाकटी दारात चहा घेऊन उभी होती. "आधी पुढे नाव कुणाचं म्हणून भांडलात," ती म्हणाली, "आता मागे कुणाचं म्हणून भांडा. चहा मात्र उठून प्या, दादा. ताईला नळी आणलीय."

चहा झाल्यावर ताईच म्हणाली, वाक्य काढ. कुणी पाहिलं ते सांगता येत नसेल तर ते लिहायचा आपल्याला हक्क नाही. उंटानं मान डोलावली. धाकटीनं ती ओळ पुसली, मागचे पुढचे संदर्भ जुळवून घेतले, एकदा सगळी टिंबं तपासली आणि मुदतीच्या आधी निबंध पाठवून दिला.

तो स्वीकारला गेला. संपादकानं एवढंच कळवलं की, एका जागी मासिकाचं नाव सरळ राहिलंय, ते तिरपं करावं.

ताईला मान वर करायची परवानगी मिळाल्यापासून ती आणि उंट आठवड्यातून एकदा दुपारी मत्स्यालयात बसतात, कळप झोपला की काठावरच्या माशावर नजर ठेवून. एकानं तरी जागं राहायचं, असं ठरलंय. ते नेहमी जमतंच असं नाही. नवा निबंध लिहायचं चाललंय, पण त्यावर नावं कोणत्या क्रमानं टाकायची हा विषय अजून कुणी काढलेला नाही. धाकटीनं मात्र आधीच सांगून टाकलंय, यादी करून देईन, पण आधी एकमत करून या.