तिच्या नावावरचं वजन

अण्णांचा बिनतारी गोष्टींवर विश्वास नव्हता. उभा जन्म त्यांनी मोटारींचं वाइंडिंग केलं. तार जाईल तिथं वीज जाईल, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. हवेतून कोण काय कुणाला पोचवतं, देव जाणे. म्हणून मुलगा-सून कामावर गेली की ते वायफायचा डबा बंद करून टाकत. संध्याकाळी दोघं आली की मुलगा चालू करी.

वजनकाटा मात्र त्यांना सोडवत नव्हता. बायकोच्या आजारपणात अंगात पाणी साठतंय का ते कळावं म्हणून मुलानं तो आणला होता. उभं राहिलं की आकडा आपोआप फोनवर जायचा. तिचा तिच्या फोनवर, अण्णांचा मुलाच्या. ती गेली तरी अण्णा रोज अंघोळीनंतर त्यावर उभे राहत. चष्मा बाहेरच राहिलेला असे, त्यामुळे आकडा काही दिसत नसे. तिचा फोन त्यांनी चार्ज करून जपला होता. त्यात सगळ्यात वर तिचा शेवटचा आकडा होता, छप्पन्न किलो. झोपण्याआधी ते तेवढा बघत.

एका संध्याकाळी तो फोन वाजला. छप्पन्नच्या वर नवा आकडा येऊन बसला होता. तिच्याच नावानं.

 अण्णांचं डोकं फिरलं. मुलगा तर हत्ती, त्याचा प्रश्नच नाही. राहिली सून. अंगानं अगदी सासूसारखी, आणि फोन वाजला तोही ती घरी आल्याबरोबर.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सून हातपाय धुऊन बाहेर आली, तर अण्णा बाथरूमच्या दारातच.

"काय बघताय, अण्णा?"

"बघायला बंदी आहे का?"

जेवताना मुलगा म्हणाला, "काट्यावर उभं राहणं सोडलंत का? तुमचे आकडे येईनात."

"रोज राहतो."

अण्णांनी सुनेकडं रोखून बघितलं. आपले आकडे गायब आणि बायकोच्या नावावर भलतेच. पाणी कुठंतरी मुरत होतं.

सकाळी वजन केल्यावर त्यांनी काटा स्वतःच्या कपाटात घातला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. संध्याकाळी मुलानं डबा चालू केला, आणि फोन वाजलाच.

अण्णा तरातरा बाहेर आले. "काटा माझ्या कपाटात, किल्ली माझ्या खिशात. मग तू उभी राहिलीस कशी?"

"मी?" सुनेला हसू फुटलं. "अहो, लग्नानंतर मी त्या काट्याचं तोंडही बघितलं नाही. हिंमतच नाही!"

"हसू नकोस. तिचा शेवटचा आकडा रोज खाली जातोय. कळतंय का तुला?"

त्यांचा आवाज फाटला, तसं तिचं हसू मावळलं.

"काटा आणा," मुलगा म्हणाला. "आता उभे राहा."

"मी कशाला?"

"राहा तर."

अण्णा उभे राहिले. हातातला बायकोचा फोन वाजला.

"काटा नाव विचारत नाही, अण्णा," मुलगा हळूच म्हणाला. "आकडा ज्याच्या आधीच्या वजनाच्या जवळचा, त्याच्या नावावर टाकतो. तुम्ही पासष्ट होता. आता अठ्ठावन्न. आणि डबा बंद असला की आकडा पोटात धरून बसतो, मी चालू केला की सोडतो."

अण्णा काट्यावर तसेच उभे. सुनेची नजर त्यांच्या पट्ट्यावर गेली. त्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक होतं.

"दुपारी जेवलो म्हणता, आणि भाजी तशीच सापडते. मला वाटायचं, माझ्या हातचं तुम्हाला जात नाही."

अण्णांनी सदरा ओढून पट्टा झाकला.

"हे आकडे मी तुमच्या नावावर घालतो," मुलगा म्हणाला. "आईचा परत वर येईल."

"आणि उद्याचा?"

"वजन वाढेपर्यंत तिच्याच नावावर जाणार."

अण्णा काट्यावरून उतरले. फोन जागेवर ठेवून ते ओट्याजवळ आले.

"वाढतेस का?"

"माझ्या हातचं चालेल?" सुनेनं वळूनही बघितलं नाही.

"चालेल. भाजी जरा जास्त घाल."