मंगळवारची ताकद

आमच्या गल्लीत ताकद पहाटे येते. दारात झाकणाची छोटी बादली ठेवलेली असते, आत जवाच्या खिरीसारखं कोमट, बिनचवीचं काहीतरी. बादली कोण ठेवतं ते कुणी पाहिलेलं नाही, कारण ती खाल्ल्याशिवाय कुणाला धड उठताच येत नाही. दारापर्यंत रांगत जाता येतं, तेवढं पुरतं. देव पाठवतो एवढं आम्हाला ठाऊक आहे. शनिवारी दोन बादल्या येतात. रविवारी आमच्या बंदरात धुणं वाळत घालायचं नाही, सायकल काढायची नाही, मग देवानं तरी बादल्या वाटत का फिरावं?

माझा नवरा रीकेल्ट सोमवारी पहाटे बोटीवर जातो तो शुक्रवारी परततो. मधले दिवस घर माझं. मुलांना शाळेत सोडायचं, कारखान्यात मासे चिरायचे, मंगळवारी चादरी बदलायच्या आणि थोरल्या लेकीला, फोक्येला, पोहायला न्यायचं. प्रत्येक गोष्टीला वार ठरलेला. माझी सख्खी बहीण पलीकडच्याच रस्त्यावर राहते, तिला मी पुढच्या महिन्यात भेटणार आहे.

त्या आठवड्यात गुरुवारी लुबर्टच्या कानांचं ऑपरेशन होतं. लुबर्ट माझा धाकटा, तीन वर्षांचा. कानांत पाणी साचून त्याला फारसं ऐकूच येत नव्हतं, म्हणून बारीक नळ्या बसवायच्या होत्या. काम अगदी छोटं, आमच्याकडे निम्म्या पोरांचं होतं. पण भूल देताना मूल आईच्या मांडीवर असतं. नाकावर मुखवटा आला की ते धडपडतं, आणि आईनं त्याला घट्ट धरून ठेवायचं असतं. तेवढंच मला जमणार नाही असं वाटत होतं. तो माझ्याकडे बघेल आणि माझे हात सुटतील.

“गुरुवारची ताकद गुरुवारी मिळेल,” आल्बर्त्ये मावशी म्हणाली. ही शेजारीण. हिनं स्वतःची सात पोरं वाढवली आणि आता कुंपणावरून मला वाढवते.

“आणि कमी पडली तर?”

“कधी पडलीय?”

“सासूबाई आठवडाभर राहायला आल्या होत्या तेव्हा.”

“तेव्हा पुरेशी होती गं. निम्मी तू त्यांना मनातल्या मनात उत्तरं देण्यात घालवलीस.”

मला ते पटलं नाही. शनिवारची ताकद रविवारपर्यंत टिकते, तर मंगळवारची गुरुवारपर्यंत का टिकू नये? आणि मच्छीमाराच्या घरचा फ्रीझर म्हणजे त्यात अख्खा हिवाळा मावतो. आमच्याकडे बायका उरलेला बटाटासुद्धा गोठवतात. फेकायचं कसं?

मंगळवारी मी दोनच चमचे खाल्ले. उरलेली डब्यात भरली आणि माशांच्या खाली दडवली.

दोन चमच्यांवर बाई किती चालणार! न्याहारीच्या वेळीच मी स्वयंपाकघरात आडवी झाले. फोक्येनं माझ्या पोटावर बशी ठेवून चॉकलेटचा भुगा घातलेला पाव खाल्ला. “आई आज टेबल आहे,” तिनं भावाच्या कानात ओरडून सांगितलं. कारखान्यात मी एकच मासा हातात धरून उभी राहिले. मुकादमीण जवळ आली. “फेन्ना, त्याला चिरतेयस की त्याचं सांत्वन करतेयस?”

पोहणं चुकलं. चादरी तशाच राहिल्या. संध्याकाळी मावशी कुंपणावर टेकली.

“आज मंगळवार आणि तुझी दोरी रिकामी?”

“उद्या घालीन.”

“उद्या बुधवार असतो,” ती म्हणाली. मला ठाऊकच नसावं तशी.

जेवताना हात जोडून “आजचं आज दे” म्हणायची वेळ आली तेव्हा फ्रीझर घुमत होता. मी जरा मोठ्यानं म्हटलं.

बुधवार बुधवारच्या बादलीवर निघाला. गुरुवारी दारातली बादली उचलून पाहिली तर हलकी! बघ, म्हटलं, साठवली ते बरं केलं. ती तिथंच ठेवली, रांगतच फ्रीझर गाठला, डब्यातली मंगळवारची गरम केली आणि सगळी संपवली.

अंगात काय जोर आला म्हणून सांगू! मी ताडकन उभी राहिले आणि चादरी ओढायला लागले.

मावशी गाडी घेऊन आली तेव्हा चौथी उशी माझ्या हातात होती. “अगं, दवाखान्यात जायचंय ना?”

“मी नाही ओढत मावशी, हे हात ओढतायत!”

तिनं मला आणि लुबर्टला गाडीत कोंबलं. वाटेत हातांनी तिचा गळपट्टा काढून त्याची नीट घडी घातली. दवाखान्यात पोचल्यावर तर त्यांना रानच मोकळं मिळालं. व्हरांड्यात स्ट्रेचरवर एक आजोबा पडले होते. त्यांच्याखालची चादर मी ओढू लागले.

“आजोबा, जरा कूस बदला.”

त्यांनी मुकाट्यानं बदलली. “आमची हीसुद्धा मंगळवारीच काढायची,” ते मावशीला म्हणाले.

तेवढ्यात परिचारिका आली. “लुबर्टची आई कोण?”

मी पुढे झाले. हातांना सांगितलं, पोराला धरा. त्यांनी त्याचे केस सारखे केले, खांद्यावर नसलेली पिशवी अडकवली, आणि माझ्या तोंडून निघालं, “चल, पोहायला उशीर होतोय.”

लुबर्टला ऐकू आलं नाही, पण माझं तोंड बघून त्याचा ओठ थरथरायला लागला.

“तुम्हाला जमत नसेल तर आम्ही धरतो,” परिचारिका म्हणाली. चांगल्या मनानं म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

“मावशी,” मी ओरडले, “माझ्याकडे आजची नाहीये!”

मावशीनं कोटाखालून माझी बादली काढली. “दारात उभी होती बिचारी. आत न बघताच हिला टाकून आलीस?”

झाकण उघडलं. तळाशी चमचाभर.

“एवढीशी?”

“किती हवीय? त्याला धरायचंय, बोट ओढायची नाहीये.”

मी बोटानं चाटून खाल्ली. जोर वगैरे काही आला नाही. फक्त हात थांबले. आणि माझे झाले.

त्याला मांडीवर घेतलं. मुखवटा आला. त्यानं लाथा मारल्या, माझा अंगठा पिरगळला, आणि मग माझ्याकडे पाहिलं. पाहिलं ते मी सोसलं. हात सुटले नाहीत. तो जड होत गेला, अगदी पिठाच्या पोत्यासारखा, आणि त्यांनी त्याला आत नेलं.

दार लागलं आणि माझी ताकद संपली. मी तिथंच फरशीवर बसले. मावशीही कण्हत कण्हत शेजारी बसली.

“संपली मावशी. आणि अजून अख्खा दिवस पडलाय. स्वयंपाक, फोक्येची शाळा सुटायची वेळ...”

“मला काय सांगतेस, जो पाठवतो त्याला सांग. रात्रीचं सूप माझ्याकडे आहे.”

मी सांगितलं. शब्द सुचले नाहीत, पण सांगितलं.

लुबर्टला बाहेर आणलं तेव्हा तो भोकाड पसरून रडत होता, आणि मला उठता येईना. परिचारिकेनं त्याला खाली सोडलं. तो झोकांड्या खात आला, स्वतःच माझ्या मांडीवर चढला, छातीला कान लावला आणि गप्प झाला.

“आई, तुझ्यात आवाज येतोय.”

“कसला रे?”

“धप धप.”

“म्हणजे चालू आहे,” मावशी म्हणाली.

आम्ही तिघं तसेच फरशीवर बसून राहिलो.