सगुणाच्या वाट्याची सावली

मित्रांनो, मी एक जुनं इरलं आहे. बांबूच्या कामट्यांचं, वर पळसाची पानं लावलेलं. मला डोक्यावर घेतलं की पाठही झाकते. उरणच्या मिठागरावर राबणाऱ्या धोंडूबाईच्या घरात माझं आयुष्य गेलं. पावसाळ्यात माझं कोण कौतुक! पाऊस सरला की मात्र मला चुलीवरच्या आढ्याला टांगायचे, ते थेट पुढच्या मिरगापर्यंत.

पन्नास सालच्या सुमाराची गोष्ट. धोंडूबाईची लेक सगुणा जन्मापासून पांढरीफटक होती. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, उजेडात डोळे मिटायची. पोरगी उन्हात रापली की रंग धरेल, असं अख्खा गाव सांगायचा. म्हणून धोंडूबाई तिला मुद्दाम भर दुपारी मिठागरावर न्यायची. वरून ऊन, खालून मिठाची झळाळी. बिचारीचे गाल आणि कान सोलून निघायचे.

एकदा चैत्रात सगुणाने मला आढ्यावरून काढलं.

"आये, आंग जलतं गो. इरलं घेतंय मी."

"यडी झालीस क? उनान इरलं! लोका हसतीन. नि मंग रंग कसा येल तुला?"

मला परत टांगलं. घरात मी रिकामं लोंबत होतं आणि पोर तिकडे भाजत होती! अजून जीव तुटतो हो माझा.

सगुणा लग्नाच्या वयाची झाली आणि तिच्या कानावर फोड आला. मीठ लागलं असेल म्हणून खोबरेल चोळलं. फोड चिघळला, वर्ष गेलं तरी भरेना. तेव्हा कुठे मोरा बंदरातून लाँचने तिला मुंबईच्या इस्पितळात नेलं. धोंडूबाई परतली ती रडतच. शेजारच्या गोजराला म्हणाली, "उनाचा कॅन्सर हाय, डाक्टर बोलला. तिचे आंगाला रंग कवाच येनार नवता. मीच तिला उनान उभी केली गो!"

कान कापला, पण दुखणं मानेत उतरलं होतं. सगुणाला घरी आणायचं ठरलं, तेव्हा वैशाख पेटला होता. धोंडूबाईने मला ओढून काढलं आणि धक्क्यावर धावली. भर उन्हात, सगळ्या गावादेखत तिने मला लेकीच्या डोक्यावर धरलं.

"आये," सगुणा म्हणाली, "कवरा गार वाटतं गो."

मिरगाच्या आधीच सगुणा गेली.

मित्रांनो, तुमच्यात कुणाची कातडी अशी नाजूक असेल, तर त्याला उन्हात उभं करू नका. न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवा. लोक हसले तर खुशाल हसू द्या. सगुणाला माझी सावली मिळाली, पण ती फक्त धक्क्यापासून घरापर्यंत.