घासलेट धुतलं त्याची गोष्ट

रमाकांतची आई गंगुबाई दिवाळीला म्हणून मालवणाहून घोडपदेवच्या चाळीत आली आणि पहिल्याच संध्याकाळी नाकाला पदर लावून बसली. दोष चाळीचा नव्हता, दिव्याचा होता. गावी तिच्या घरात उंडीच्या बियांचं तेल जळायचं. इथे घरोघरी घासलेट, आणि रमाकांतच्या खिशाला परवडायचं ते बंदरावर उतरणाऱ्यांतलं सगळ्यांत हलकं, पिवळट, गंधकाने भरलेलं. दिवा लागला की खोलीत कुजक्या अंड्यांचा वास सुटे, काच काळी पडे आणि म्हातारीला खोकल्याची उबळ येई.

"माका ह्यो वास सोसना नाय," दिवाळी सरताच तिने जाहीर केलं. "शनिवारच्या आगबोटीन मी जातंय."

बाप गेल्यापासून आई गावच्या घरात एकटी होती. तिला आता कायमची ठेवून घ्यायची, असं रमाकांतने मनाशी ठरवलं होतं. बायकोला, दमयंतीला, सांगितलंही होतं. फक्त आईला सांगायचं राहिलं होतं. आमच्या कोकणी माणसाचं हे असंच! भांडायचं झालं तर तोंडाला लगाम नाही, पण मायेचा शब्द काढायचा म्हटला की तो घशातच अडकतो. तेव्हा त्याने विचार केला, बोलत बसण्यापेक्षा वासच काढून टाकू. वास गेल्यावर आई कशाला जाईल?

दुसऱ्या कुणाला हे सुचलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. पण रमाकांत परळच्या गिरणीत कापड सफेद करायच्या खात्यात होता. तेजाब म्हणजे अॅसिड आणि कॉस्टिक सोडा ही त्याची रोजची सोबत. खात्याच्या साहेबाने एकदा त्याला सांगितलं होतं की घासलेटही कापडासारखं धुता येतं. गंधकाचा तेजाब घालून घुसळलं की घाण काळी होऊन तळाशी बसते. मग वरचं तेल काढायचं, उरलासुरला तेजाब कॉस्टिकने मारायचा आणि पाण्याने धुऊन घ्यायचं. साहेबाला विचारून त्याने दोन्हींच्या बाटल्या घरी आणल्या. तेजाब धातूला खातो, म्हणून भांडं चिनीमातीचं हवं. घरात तसं भांडं एकच होतं, आईने गावाहून मांडीवर धरून आणलेली लोणच्याची बरणी.

"माझा लोणचा खय गेला?"

"पातेल्यात काढलंय, आई."

"पातेल्यात!" म्हातारीने कपाळावर हात मारून घेतला. जायच्या यादीत आणखी एका कारणाची भर पडली.

पहिला प्रयोग फसला. घाईघाईत कॉस्टिक कमी पडलं आणि तेलात तेजाब राहून गेला. दिवा लावताच वातीचा कोळसा झाला आणि असा झणझणीत धूर निघाला की शेजारची गुणवंती कोळीण हातातली पाटी टाकून धावत आली. गुणवंतीचं नाक म्हणजे चाळीचं न्यायालय. पाटीवरचं फडकं न उचलता पापलेट आजचं की कालचं, हे ती सांगत असे.

"काय रं रमाकांता, मेलेली मुशी मासली जालतंस का काय?"

सगळी चाळ हसली. रमाकांतही हसला, पण त्याचं चित्त शनिवारकडे लागलं होतं.

गुरुवारी त्याने पुन्हा बाह्या सरसावल्या. या वेळी काळा, चिकट गाळ नीट बसू दिला, कॉस्टिक घालताना हात आखडला नाही, पाण्याने पुन्हा पुन्हा धुतलं आणि तेलात पाण्याचा अंश राहू नये म्हणून ते भाजलेल्या मिठातून गाळलं. तेल नितळ झालं, अगदी विहिरीच्या पाण्यासारखं. त्याचं रूप लोकांना दिसावं म्हणून पठ्ठ्याने थोडं दिव्यात घातलं आणि उरलेलं घासूनपुसून लख्ख केलेल्या तांब्यात ओतलं. गुणवंतीने तांब्यात नाक घातलं, डोळे मिटले आणि निकाल दिला, "नाय रं. वासच नाय."

दिवा लागला. ज्योत थरथरली नाही, काच काळवंडली नाही, आई खोकली नाही. रमाकांत तिच्या तोंडाकडे बघत बसला.

"बरो लागलो हां दिवो," आई म्हणाली, आणि उठून गाठोडं बांधायला लागली.

रमाकांतला जेवण गेलं नाही. त्या दुःखात तेलाचा तो तांब्या मात्र पाण्याच्या हंड्याशेजारीच राहिला.

शुक्रवारी पहाटे गंगुबाईने आंघोळ केली, हंड्याजवळचा भरलेला तांब्या उचलला आणि गॅलरीतल्या तुळशीला घातला. डोळे मिटून, हात जोडून, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत.

गिरणी सुटल्यावर रमाकांत घरी आला तेव्हा तुळशीने मान टाकली होती, आणि चाळीतल्या बायका मयताला जमावं तशा तिच्याभोवती जमल्या होत्या. तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं. ऊस आणून कोपऱ्यात उभा करून ठेवलेला. गंगुबाई रडत होती. रमाकांतने रिकामा तांब्या पाहिला आणि काय झालं ते त्याला उमगलं.

"चूक तुझी नाय आई, माझी. तांब्यात घासलेट होता."

"कोणाचीव असांदे. लग्नाची नवरी माझ्या हातान मेली. माझो पाय ह्या घराक धड नाय. बरा झाला उद्या जातंय ता."

आता मात्र रमाकांतचा धीर सुटला. सगळ्या बायकांसमोर त्याने आईचे दोन्ही हात धरले.

"जाव नको, आई. हयच रव. कायमची रव. तू थय एकटी आसस म्हणून माका घास जाणा नाय. तुका ठेवून घेवक म्हणून तर ह्यो सगळो उपद्व्याप केलंय!"

गंगुबाईचं रडं थांबलं.

"मेल्या," ती म्हणाली, "वास काय गावच्या गोठ्याक येणा नाय? दिवाळी सरली की पावण्यान जावचा असता. कोण 'रव' म्हणाक नाय, मगे मी काय आपणच फतकल मारून बसतलंय?"

दमयंती आत गेली, आणि सासूला न विचारताच तिने गाठोड्याची गाठ सोडली. रमाकांत नवीन तुळस आणायला भायखळ्याच्या बाजाराकडे पळत सुटला.